देवाचे हात दिसू द्या

संध्येत केशव, नारायण, माधव, गोविंद अशी चोवीस नावे भराभर म्हटली जातात. म्हणणाऱ्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते, की यातल्या प्रत्येक नावाची वेगळी मूर्ती आहे आणि ती ओळखण्याची खूण एकच: कोणत्या हातात काय आहे.

शंख, चक्र, गदा, पद्म ही चार आयुधे चोविसांकडेही तीच. बदलतो तो क्रम. खालच्या उजव्या हातापासून निघायचे, वरच्या उजव्याकडे जायचे, तिथून वरच्या डाव्याकडे आणि शेवटी खालच्या डाव्यापाशी थांबायचे. देवाच्या हातांना घातलेली प्रदक्षिणाच ती. उजवा हात मात्र देवाचा, पाहणाऱ्याचा नव्हे. नवशिका पहिल्यांदा चुकतो तो इथेच. पद्म, शंख, चक्र, गदा असा क्रम लागला तर तो केशव. शंख आणि गदेची तेवढी अदलाबदल झाली, की त्रिविक्रम.

चार वस्तू चार हातांत चोवीसच प्रकारे ठेवता येतात, हे भास्कराचार्यांनी 1150च्या सुमाराच्या ‘लीलावती’त चक्क उदाहरण म्हणून घातले आहे. तिथे हरीच्या जोडीला दहा हातांचा शंभूही आहे. पाश, अंकुश, साप, डमरू अशी दहा आयुधे हातांत फिरवली तर मूर्तिभेद किती? उत्तर 36,28,800. इतके शंभू घडवायला कुठल्या पाथरवटाला सवड मिळणार! पण हरीचे चोवीस शिल्पकारांनी खरोखर घडवले. कर्नाटकात सोमनाथपूरच्या केशव मंदिराच्या भिंतींवर ते पाहायला मिळतात.

पोथ्यांचे एकमत आहे असे नाही. अग्निपुराण आणि पद्मपुराण यांतल्या याद्या सगळीकडे जुळत नाहीत. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या ‘चतुर्वर्गचिंतामणी’तल्या व्रतखंडातही देवतांच्या मूर्तींची वर्णने आहेत. महाराष्ट्राने मात्र त्याचे नाव दिसेल त्या दगडी देवळाला चिकटवले आणि त्याचा ग्रंथ अभ्यासकांवर सोपवला.

आणि आज गाभाऱ्यापुढे उभ्या राहणाऱ्या भाविकाला काय दिसते? पितांबर, हार, चांदीचे डोळे, कुठे मुखवटा, कुठे शेंदराचा जाड थर. हात दिसतच नाहीत. बाहेरच्या फलकावर ‘अतिप्राचीन’, ‘स्वयंभू’, ‘हेमाडपंती’ हे ठरलेले तीन शब्द असतात आणि मूर्ती केशवाची की माधवाची, याबद्दल अवाक्षर नसते.

हा निव्वळ हौशी अभ्यासकांचा प्रश्न नाही. कोल्हापूरची अंबाबाई विष्णुपत्नी की आदिशक्ती, यावर तावातावाने वाद झाले आहेत. सप्तशतीला जोडलेल्या प्राधानिक रहस्यात महालक्ष्मीच्या हातांत म्हाळुंग, गदा, ढाल आणि पानपात्र सांगितले आहे. मस्तकी नाग, लिंग आणि योनी. अंबाबाईच्या चार हातांतही म्हाळुंग, गदा, ढाल आणि पानपात्रच आहे. विष्णुपत्नी लक्ष्मीची ओळख असलेले कमळ तिच्या एकाही हातात नाही. वादाचा निकाल लावायला एवढे पुरेल की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे. पण वाद घालणाऱ्याने निदान हात तरी पाहिलेले असावेत.

वस्त्रालंकार काढून टाका, असे कोणी म्हणत नाही. देवाला नेसवणे ही सेवा आहे आणि ती चालूच राहील. देवस्थानांनी एवढेच करावे: अलंकाराशिवायच्या मूर्तीचे एक स्वच्छ छायाचित्र सभामंडपात लावावे, खाली हातांतली आयुधे क्रमाने लिहावीत आणि त्यावरून ठरणारे नाव द्यावे. नाव ठरत नसेल तर तसेच लिहावे. जिथे शेंदराची पुटे चढली आहेत, तिथे जाणकाराला विचारल्याशिवाय खरवडायला जाऊ नये.

अर्थात, महाराष्ट्राचा सर्वांत लाडका देव या गणितात बसत नाहीच. विठ्ठलाला हात दोनच, तेही कटीवर. संध्येच्या चोवीस नावांत त्याचे नाव नाही. तरी ग. ह. खरे यांच्यासारख्या संशोधकाने पंढरपूरची मूर्ती बारकाईने अभ्यासली, ती याच पद्धतीने. कमरेवर टेकलेल्या त्या हातांपैकी डाव्यात शंख आहे आणि उजव्यात कमळाचा देठ. दर्शनाच्या रांगेत तासन्‌तास उभ्या राहिलेल्या वारकऱ्याला पितांबर आणि तुळशीहारांखालचा तो शंख क्वचितच दिसतो.