वासराच्या गळ्यातला फास

टेक्सासमध्ये रोडिओ पाहून आलो म्हटलं की मित्र दोनच गोष्टी विचारतात: बैल केवढा होता आणि माणूस किती वेळ टिकला? बैलांच्या फेरीबद्दल माझी फारशी तक्रार नाही. स्वाराने एकाच हाताने दोर धरायचा, मोकळा हात बैलाला लागला तर बाद. आठ सेकंद टिकला तरच गुण, आणि शंभरातले निम्मे गुण बैलाच्या उसळण्याला. मागच्या पायांपुढे आवळलेल्या पट्ट्यामुळे बैल जास्त उसळतो हे खरं, पण तिथे जीव माणसाचाही धोक्यात असतो.

माझे हात थांबले ते वासरांच्या फेरीत. शंभर-सव्वाशे किलोचं वासरू जिवाच्या आकांताने पळतं, मागून घोडेस्वार फास टाकतो. फास पडताच घोडा थांबतो आणि वासरू गळ्याला हिसका बसून जागीच अडतं. मग स्वार उतरून त्याला आडवं पाडतो, तीन पाय बांधतो. तरबेज गड्याला दहा सेकंदही लागत नाहीत.

‘हे तर रँचवरचं रोजचंच काम,’ असं तिथले लोक सांगतात. मान्य. आजारी वासराला औषध द्यायचं तर दोर टाकावा लागतो. पण कुरणात कुणी घड्याळ लावून बसत नाही, आणि एक सेकंद कमी लागला म्हणून हजारो माणसं ओरडत नाहीत. ती घाई आम्ही तिकीटवाले विकत घेतो.

मी मांस खातो, ईदला कुर्बानी करतो. मग हे बोलायचा मला काय अधिकार, असं कुणी विचारलं तर राग येत नाही. जनावराच्या डोळ्यांदेखत सुरी पाजळू नये, जिवंत प्राण्याला नेमबाजीचं लक्ष्य करू नये, असं हदीस सांगते. खाण्यासाठी जीव घेण्याची मुभा आहे, करमणुकीसाठी त्याला छळण्याची नाही. (बकऱ्याचे पाय बांधून त्याला स्कूटरवर लटकवत नेणाऱ्या आपल्या बांधवांनीही हे जरा ऐकावं.)

आणि खेळ बंदच करा असं माझं म्हणणं नाही. ‘ब्रेकअवे’ प्रकारात दोराचं टोक खोगिराला बारीक सुतळीने बांधतात. फास बसला की सुतळी तुटते, वासरू निघून जातं. नेम, घोडा, वेग सगळं शाबूत. ऱ्होड आयलंडमध्ये कायद्याने हाच प्रकार चालतो. आपल्याकडेही २०१४ च्या बंदीनंतर बैलगाडा शर्यत परतली ती नियम-अटी घेऊनच. पुढच्या खेपेला तिकीट काढण्याआधी मी खिडकीवरच विचारणार आहे: वासराचा दोर तुटणारा आहे का?