‘हा कार्यक्रम तुमच्या देशात उपलब्ध नाही!’

फायनल इयर जवळ आलं की कॉलेजमध्ये एकच विषय असतो. कोणी जीआरईचे शब्द पाठ करतंय, कोणी जर्मनचे क्लास लावतंय, कोणाला व्हिसाचं टेन्शन! बॅगेत काय न्यायचं याची यादी सीनियर्स देतातच... कुकर, गोडा मसाला, थर्मल्स. पण मित्रांनो, एक गोष्ट त्या यादीत नसते. इथे पैसे भरून घेतलेलं तुमचं मराठी मालिकांचं सबस्क्रिप्शन विमानात तुमच्या शेजारी बसेलच असं नाही!

माझी मावसबहीण एमएससाठी जर्मनीला गेली. जाण्याआधी तिने एका ॲपचे वर्षभराचे पैसे भरले होते. कारण काय, तर जामखेडची आमची आजी आणि ती, दोघी रोज एकच मालिका बघायच्या आणि मग फोनवर तासभर त्या सासूला नावं ठेवायच्या. तिथे ॲप उघडलं, तर वर लिहिलेली ओळ स्क्रीनवर हजर! माणूस तोच, पासवर्ड तोच, पैसेही भरलेले. मग आजीने काय करावं? व्हिडिओ कॉल लावून फोन सरळ टीव्हीसमोर धरला. जामखेडला लाईट गेली की जर्मनीतली मालिकाही बंद!

आता यात इंजिनिअरिंग किती आहे ते बघू. आपण नेटला जोडलो की आपल्याला आयपी ॲड्रेस मिळतो. कोणता ॲड्रेस साधारण कोणत्या देशातला, याच्या याद्या तयार असतात. सर्व्हर यादी बघतो आणि व्हिडिओ पाठवायचा की नाही ते ठरवतो. बस्स, इतकंच! केबल समुद्राखालून थेट युरोपपर्यंत गेलेली आहे. कुंपण केबलला नाही, करारात आहे.

हे करार म्हणजे निव्वळ लबाडी असं मात्र मी म्हणणार नाही. कार्यक्रमाचे हक्क देशानुसार विकले जातात. एकाच क्रिकेट मॅचसाठी इथे एका कंपनीने पैसे मोजलेले असतात, इंग्लंडमध्ये दुसरीने. पूर्वी डीव्हीडीलासुद्धा रीजन कोड असायचा, अमेरिकेचा १ आणि आपला ५. बीबीसीचा आयप्लेअर २००७ साली सुरू झाला तोही फक्त ब्रिटनपुरता, कारण तिथले लोक त्यासाठी लायसन्स फी भरतात. आता गंमत बघा. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला सुरू केलेला ग्रामीण आरोग्य प्रकल्प बघायला, शिकायला जगभरातून लोक येतात. त्यातला एखादा लायसन्स फी भरणारा ब्रिटिश विद्यार्थी जामखेडमध्ये बसून आयप्लेअर लावेल, तर त्यालाही ‘नाही’ हेच उत्तर! म्हणजे हे दुखणं फक्त आपलं नाही.

“अगं, व्हीपीएन टाक ना!” हा सल्ला हॉस्टेलमध्ये फुकट मिळतो. पण व्हीपीएन म्हणजे आपण भारतात आहोत असं सर्व्हरला भासवणं. बऱ्याच सेवांच्या अटींत ते बसत नाही. नेटफ्लिक्सने तर जानेवारी २०१६ मध्येच असे मार्ग बंद करणार असं जाहीर केलं. शिवाय एप्रिल २०२२ मध्ये आपल्या सर्ट-इनने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवायला सांगितलं, तेव्हा काही मोठ्या कंपन्यांनी आपले सर्व्हरच भारतातून हलवले. आणि मुख्य म्हणजे, रीतसर पैसे भरणाऱ्याने चोरवाटेने का जावं?

यावर सरळ उपाय आहे, आणि तो युरोपने करून दाखवलाय. १ एप्रिल २०१८ पासून युरोपियन युनियनमध्ये नियम आहे की एका सदस्य देशात पैसे भरून घेतलेली सेवा, ग्राहक तात्पुरता दुसऱ्या सदस्य देशात गेला तरी, जादा पैसे न घेता तशीच चालली पाहिजे. सुट्टी, काम, शिक्षण, काहीही कारण असो. लोक गैरफायदा घेतील ना? म्हणून ग्राहक मूळचा कुठला राहणारा, हे ओळखपत्र किंवा पेमेंटच्या माहितीवरून तपासायची सोयही त्या नियमात आहे. तंत्र तेच, फक्त प्रश्न बदलला. ‘तू आत्ता कुठे आहेस?’ याऐवजी ‘तू कुठली आहेस?’

भारतातून शिकायला जाणाऱ्यांसाठी असा नियम आपल्याकडेही हवा. जे कायमचे तिकडे स्थायिक झाले त्यांनी तिथल्या दराने पैसे द्यावेत, हरकत नाही. पण ज्या मराठी मालिकेचे त्या देशातले हक्क कोणी विकतच घेतले नाहीत, तिथे कुलूप कोणासाठी? ना निर्मात्याला पैसा, ना प्रेक्षकाला मालिका!

मला हे लागतं, कारण मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. ‘हातचं राखून’, ‘पदरात घेणं’, ‘नाकी नऊ’ हे मला बाईंनी नाही, आजीबरोबर पाहिलेल्या मालिकांनी शिकवलं. परदेशातल्या मराठी घरांतली मुलंही अशीच कानाने मराठी शिकतात. तिथली मंडळं रविवारी हौसेने मराठी शाळा चालवतात, पण आठवड्याचे उरलेले सहा दिवस घरात काय ऐकू येतं, त्यावर सगळं ठरतं.

तोपर्यंत, जाणाऱ्यांनो, वर्षाचे पैसे एकदम भरू नका. ‘कोणत्या देशांत चालेल’ ही बारीक अक्षरातली ओळ आधी वाचा. आणि चाललं नाही तर गप्प बसू नका, कंपनीला लेखी कळवा. ग्राहक मागत नाहीत तोवर नियम बदलत नाहीत.