जनरलसाहेबांनी विचारलेला प्रश्न

फौजेतून निवृत्त झालेला अधिकारी निवडणुकीला उभा राहिला की पोस्टरवर आधी त्याची वर्दी येते, मग पदके, मग तो कोणत्या मोर्च्यावर लढला ते. लोक आदराने मते देतात, आणि तो आदर खोटा नसतो. पण निवडून आल्यावर या माणसाने लोकसभेत कोणता प्रश्न विचारला, कोणत्या समितीत बसून कोणती फाईल उघडायला लावली, हे विचारायला सहसा कोणी जात नाही. आम्हाला बोलायचे आहे ते याच कामाबद्दल.

वऱ्हाडातून हे बोलावे, याला कारण आहे. अमरावती आणि अकोला या आमच्या दोन मतदारसंघांनी 1952 पासून नाना तऱ्हेची माणसे दिल्लीला पाठवली. डॉ. पंजाबराव देशमुख, गोपाळराव खेडकर, वसंतराव साठे, मधुसूदन वैराळे, भाऊसाहेब फुंडकर, उषाताई चौधरी, कम्युनिस्ट पक्षाचे सुदामकाका देशमुख, प्रतिभाताई पाटील, रा. सू. गवई, प्रकाश आंबेडकर. नावाआधी कर्नल किंवा मेजर लागलेला खासदार मात्र या यादीत सापडत नाही. फौजेशी आमचे नाते नाही म्हणावे, तर तेही खरे नाही. 1998 आणि 1999 साली अकोल्याने निवडून दिलेल्या प्रकाश आंबेडकरांचे पणजोबा रामजी सकपाळ ब्रिटिश हिंदी फौजेत सुभेदार होते. त्या सुभेदाराच्या मुलाने 1941 साली सरकारच्या संरक्षण सल्लागार समितीवर बसून आग्रह धरला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. 1991 साली अमरावतीने लोकसभेवर पाठवलेल्या प्रतिभाताई पुढे राष्ट्रपती झाल्या, म्हणजे तिन्ही दलांच्या सर्वोच्च सेनापती झाल्या, आणि नोव्हेंबर 2009 मध्ये लोहगावच्या तळावरून सुखोईतून झेपावल्या. त्या वेळी त्यांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण व्हायला महिनाही उरला नव्हता. आमच्या गावागावांतून पोरे भरतीला पळत असतात, तो भाग वेगळाच. फौज आमच्या घरात आहे. लोकसभेत तिच्या बाजूने बोलणारा, तिला आतून ओळखणारा माणूस मात्र आम्ही पाठवलेला नाही.

असा माणूस महाराष्ट्राने पहिल्याच लोकसभेत पाठवला होता. जनरल जगन्नाथराव भोसले. सावंतवाडीजवळच्या तिरोडे गावचे. डेहराडूनच्या लष्करी विद्यालयात शिकले, पुढे इंग्लंडात सँडहर्स्टला गेले. हिंदी मुलाला त्या काळात सँडहर्स्टची जागा मिळणे ही फार मोठी गोष्ट होती. फेब्रुवारी 1942 मध्ये सिंगापूर पडले तेव्हा ते लेफ्टनंट कर्नल होते. जपान्यांच्या हाती सापडलेल्या हजारो हिंदी सैनिकांतून आझाद हिंद सेना उभी राहिली आणि भोसले तिच्या अगदी वरच्या अधिकाऱ्यांत गणले जाऊ लागले. 21 ऑक्टोबर 1943 रोजी नेताजींनी सिंगापुरात आझाद हिंदचे हंगामी सरकार जाहीर केले, तेव्हा सेनेचे प्रतिनिधी म्हणून त्यात भोसल्यांचे नाव होते. युद्ध संपले, कैद झाली, सुटका झाली, देश स्वतंत्र झाला. पण आझाद हिंद सेनेतल्या अधिकाऱ्यांना स्वतंत्र भारताने आपल्या लष्करात परत घेतले नाही. उभे आयुष्य ज्या विद्येवर घालवले, ती वापरायची जागाच अशी बंद झाली. हा सल केवढा असेल, याची कल्पना आज करणेही कठीण आहे.

भोसले 1952 साली रत्नागिरी जिल्ह्यातून काँग्रेसच्या तिकिटावर लोकसभेत गेले आणि नेहरूंच्या सरकारात पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले. हे खाते म्हणजे फाळणीत उखडलेल्या लाखो माणसांचा संसार. तंबू, छावण्या, कर्जाचे अर्ज, घरांचे वाटप, आणि या सगळ्यात मोकाट सुटलेली, शाळेत रमत नसलेली, रागावलेली मुले. भोसल्यांची नजर त्या मुलांवर गेली. 1954 साली दिल्लीतल्या कस्तुरबा निकेतनमध्ये निर्वासितांच्या मुलांसाठी त्यांनी एक उपक्रम सुरू केला. कवायत, व्यायाम, स्वच्छता, समूहगान, एकत्र राहण्याची सवय. त्यातूनच पुढे राष्ट्रीय शिस्त योजना झाली आणि दिल्लीबाहेरच्या शाळांतही पोचली. साठच्या दशकात शारीरिक शिक्षणाच्या योजनांची फेरमांडणी झाली आणि ही योजना तिच्यात विरून गेली. भोसले त्याआधीच, 1963 साली वारले होते.

या माणसाने संसदेत काय केले, तर फौजेत जे शिकला ते नागरी जीवनात उतरवले. बराकीत अठरा वर्षांच्या पोराला उभे कसे करतात, त्याच्या मनात भीतीच्या जागी भरवसा कसा येतो, हे त्याला ठाऊक होते. तेच त्याने घर हरवलेल्या दहा वर्षांच्या मुलासाठी वापरले. जनरल हा शब्द त्यांच्या नावाआधी शेवटपर्यंत राहिला. पण पुनर्वसन खात्यात त्यांची किंमत ठरली ती त्या मुलांमुळे.

त्याच लोकसभेत, त्याच मंत्रिमंडळात आमचे भाऊसाहेब, पंजाबराव देशमुख, कृषिमंत्री होते. भाऊसाहेब बॅरिस्टर होते, वेदवाङ्मयाचे पंडित होते, पण दिल्लीत त्यांचा शब्द चालायचा तो पापळच्या शेतकऱ्याचा मुलगा म्हणून. त्यांना शेती कळत होती. 1955 साली त्यांनी भारत कृषक समाज उभा केला, 1959-60 मध्ये दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरवले, अमरावतीत शिवाजी शिक्षण संस्था तर त्याआधीपासून चालू होती. आज अकोल्याच्या कृषी विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. विषय जाणणारा माणूस सभागृहात बसला की काय होते, हे वऱ्हाडाला दुसऱ्या कोणी शिकवायची गरज नाही. फौजेच्या बाबतीतही आमची अपेक्षा एवढीच आहे.

ही अपेक्षा नेहमी पुरी होते असे नाही. 1971 साली फील्डमार्शल होण्याआधीचे जनरल करिअप्पा ईशान्य मुंबईतून उभे राहिले. भारताचे पहिले हिंदी सरसेनापती. तरीही मतदारांनी त्यांना नाकारले. 1991 साली राजापुरात मधु दंडवतेंसारख्या दिग्गजाला सुधीर सावंत या लष्करी अधिकाऱ्याने हरवले; पाच वर्षांनी ती जागा सुरेश प्रभूंकडे गेली. 2024 मध्ये दक्षिण गोव्यातून नौदलाचे निवृत्त कॅप्टन विरियातो फर्नांडिस अगदी थोड्या मतांनी निवडून आले. गाझियाबादने 2014 साली माजी लष्करप्रमुख व्ही. के. सिंह यांना साडेपाच लाखांहून अधिक मताधिक्य दिले. पुढच्या वर्षी येमेनमधून भारतीयांना सोडवताना ते स्वतः जिबुतीला जाऊन बसले, आणि तिथे त्यांचा लष्करी अनुभव कामी आला. वर्दीने निवडणूक जिंकता येते, हरताही येते. खासदारकीचा कस लागतो तो नंतर.

तो कस मेजर जनरल भुवनचंद्र खंडुरी यांच्या बाबतीत लागला. लष्कराच्या इंजिनिअर शाखेत छत्तीसएक वर्षे काढून 1990 साली निवृत्त झालेले हे गढवाली गृहस्थ 1991 मध्ये भाजपतर्फे लोकसभेत आले. वाजपेयींच्या सरकारात रस्ते खाते त्यांच्याकडे होते आणि सुवर्ण चतुष्कोनाचे काम त्यांच्या काळात धडाक्याने पुढे सरकले. जुन्या सहा नंबरच्या महामार्गाचा आमचा भाग त्या चौकोनात नव्हता. अमरावती ते अकोला या पट्ट्यावरून ज्यांनी पुढची वीस वर्षे खड्डे मोजत प्रवास केला, त्यांना याचा अर्थ सांगायला नको. 2022 साली तिथेच लोणी ते माना 75 किलोमीटरचा एक थर 105 तासांत टाकून विक्रम झाला, आणि हाल सरले. असो. आम्हाला खंडुरी आठवतात ते रस्त्यांसाठी नव्हे.

2018 साली ते संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीचे अध्यक्ष होते. केंद्रात त्यांच्याच पक्षाचे सरकार होते. मार्चमध्ये या समितीचा अहवाल संसदेत आला. लष्कराच्या उपप्रमुखांनी समितीपुढे दिलेली साक्ष त्यात होती, तशीच्या तशी: लष्कराकडची 68 टक्के साधनसामग्री जुनाट, 24 टक्के आजच्या काळातली आणि अत्याधुनिक म्हणावी अशी फक्त 8 टक्के. आधुनिकीकरणासाठी त्या वर्षी मिळालेले 21,338 कोटी रुपये आधी ठरलेल्या 29,033 कोटींच्या देण्यांनाही पुरत नव्हते. त्या दिवसांत राष्ट्रभक्तीचे ढोल चहूकडे वाजत होते. अशा वेळी सत्ताधारी पक्षातला एक निवृत्त जनरल सरकारला लेखी सांगत होता की शिपायाच्या हातात पुरेसे काही नाही. साक्ष दाबता आली असती, शब्द मऊ करता आले असते. ते झाले नाही.

सप्टेंबरमध्ये समित्यांची पुनर्रचना झाली आणि अध्यक्षपद कलराज मिश्रांकडे गेले. अशी पुनर्रचना दरवर्षी होते, हे खरे. विरोधकांनी तिचा संबंध त्या अहवालाशी जोडला, हेही खरे. आमच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे हे की आकडे छापून गेले होते आणि ते पुसता येण्यासारखे नव्हते. दारूगोळ्याच्या कोठारात काय असायला हवे आणि काय नाही, हे ज्याला आयुष्यभराच्या नोकरीतून कळले, तोच उपप्रमुखांना नेमका प्रश्न विचारू शकतो आणि उत्तर गुळगुळीत आले तर ओळखू शकतो. फौजी माणूस संसदेत हवा, तो याच्यासाठी.

म्हणूनच वर्दीचा निवडणुकीत होणारा वापर आम्हाला टोचतो. सैनिकांची छायाचित्रे प्रचारात वापरू नका, असे निवडणूक आयोगाला मार्च 2019 मध्ये पक्षांना पुन्हा बजावावे लागले. महिनाभरात दीडशेहून अधिक माजी सैनिकांच्या नावांचे पत्र राष्ट्रपतींकडे गेले, त्याचाही सूर हाच होता. सेवेत असलेल्या जवानाला राजकीय पक्षाचा सभासद होता येत नाही, आणि ते योग्यच आहे. पण अधिकारी निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात पक्षाचा गमछा गळ्यात घालू शकतो. खासगी कंपनीत नोकरी धरायची तर निवृत्तीनंतर वर्षभर त्याला सरकारची परवानगी लागते. उमेदवारीला असली कोणतीही अट नाही. निवृत्ती आणि उमेदवारी यांत निदान दोन वर्षांचे अंतर असावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. सेवेच्या शेवटच्या वर्षांत घेतलेल्या निर्णयांवर तिकिटाची सावली पडता कामा नये.

पण आमच्या खासदारांपुढे आज जो प्रश्न आहे, तो विचारायला लष्करातून आलेला माणूस असायलाच हवा असेही नाही. प्रश्न आमच्याच मातीतला आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये बुलढाणा जिल्ह्यातला एक अग्निवीर, म्हणजे चार वर्षांसाठी फौजेत घेतलेला जवान, सियाचीनमध्ये कर्तव्यावर असताना गेला. कर्तव्यावर प्राण देणारा तो देशातला पहिला अग्निवीर, असे तेव्हा सांगितले गेले. घरच्यांना विम्याचे 48 लाख, सानुग्रह अनुदान, उरलेल्या सेवाकाळाचे वेतन असे मिळून काय मिळेल, ते लष्कराने जाहीर केले. त्या रकमेबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार ही आहे की नियमित शिपाई त्याच बर्फात, त्याच चौकीवर गेला असता तर त्याच्या कुटुंबाला दरमहा निवृत्तिवेतन सुरू झाले असते, आणि जून 2022 मध्ये जाहीर झालेल्या योजनेच्या अटींत अग्निवीराच्या आईवडिलांसाठी ते नाही. बर्फ दोघांना सारखाच गारठवतो. पहारा दोघांचा सारखाच असतो.

हे म्हणणे एकट्या आमचे नाही. ज्या स्थायी समितीचे अध्यक्षपद कधीकाळी खंडुरींकडे होते, त्याच समितीने फेब्रुवारी 2024 मध्ये शिफारस केली की कर्तव्यावर मरण पावलेल्या अग्निवीराच्या कुटुंबाला नियमित सैनिकाच्या कुटुंबाइतकेच लाभ मिळावेत. समितीत वेगवेगळ्या पक्षांचे खासदार बसतात. शिफारस त्यांनी मिळून केली आहे. लष्करातल्या अग्निवीरांच्या पहिल्या तुकडीचे प्रशिक्षण जानेवारी 2023 मध्ये सुरू झाले होते, म्हणजे 2027 उजाडता उजाडता त्यांची चार वर्षे भरतात. त्यांतले जेमतेम पंचवीस टक्के फौजेत राहतील, बाकीची पोरे आमच्याच तालुक्यांत परत येतील. त्यांना राज्याच्या पोलीस भरतीत, वनखात्यात, एसटीत नेमके काय मिळणार, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात त्यांची नोंद माजी सैनिक म्हणून होणार की नाही, यावरही गावोगावच्या पारांवर आतापासून बोलणे चालू आहे.

लोकसभेत तारांकित प्रश्नासाठी किमान पंधरा पूर्ण दिवसांची नोटीस द्यावी लागते. समितीच्या त्या शिफारशीवर संरक्षण मंत्रालयाने पुढे काय केले, हा एकच प्रश्न पुरे. अमरावती आणि अकोल्याच्या खासदारांनी पक्ष बाजूला ठेवून पुढच्या अधिवेशनासाठी तो एकत्र द्यावा, आणि उत्तर आले की ते मतदारसंघात जाहीर वाचून दाखवावे.