लज्जेआडची व्याधी आणि यंत्राची किंमत

लघवीवरील ताबा सुटणे ही व्याधी सहसा जिवावर बेतत नाही. म्हणूनच ती धोरणकर्त्यांच्या दृष्टीआड राहते. रोगी लाजेने बोलत नाही, आणि न बोललेली गरज बाजारात मागणी म्हणून उमटत नाही.

शरीरात बसविण्याची साधने मात्र केव्हाच निघाली. १९७० च्या दशकात अमेरिकेतील डॉ. ब्रँटली स्कॉट यांनी मूत्रमार्गाभोवती द्रवाने आवळणारे कडे बसविले. पंप दाबताच ते सैल होते. १९९७ मध्ये तेथेच पाठीच्या तळाशी असलेल्या मज्जातंतूंना विद्युत्स्पंद देणाऱ्या साधनास मान्यता मिळाली. पण त्याची बॅटरी संपली की पुन्हा शस्त्रक्रिया आली. बाहेरून चार्ज करता येणारे साधन २०१९ मध्ये मान्य झाले, तेव्हा ती वेळ लांबणीवर पडली.

अर्थशास्त्राचा प्रश्न नेमका येथे उभा राहतो. साधनाची खरी किंमत केवळ खरेदीच्या पावतीवर नसते. फेरशस्त्रक्रिया आणि बुडालेला रोज यांतही ती असते. आपल्या सरकारने २०१७ मध्ये हृदयाच्या स्टेंटची व गुडघ्याच्या कृत्रिम सांध्याची कमाल किंमत ठरविली, हे योग्यच झाले. परंतु किंमतमर्यादा टिकाऊपणाची हमी देत नाही. स्वस्त पण अल्पायुषी साधन गरिबालाच सर्वांत महाग पडते. म्हणून आराखडा आखतानाच रोग्याच्या उर्वरित आयुष्याचा हिशेब मांडला पाहिजे.