मेंदूतले लाल ठिपके आणि मेलेला मासा

गेल्या शनिवारी घरी गेलो, तर आईच्या हातात एक गुळगुळीत पॅम्फ्लेट. सोसायटीत कोणीतरी वाटून गेलेलं. वर मेंदूचं चित्र, त्यात लाल-पिवळे ठिपके. खाली मजकूर असा की साठीनंतर मेंदूचे दिवे विझतात, आमच्या कोर्सने ते पुन्हा लावून घ्या. फी अठरा हजार फक्त! आई म्हणाली, "अरे, परवा मी चष्मा फ्रीजमध्ये ठेवला होता. माझंही असंच होत असेल का रे?"

च्यायला, डोकंच सटकलं. अठरा हजारांपेक्षा जास्त राग आला त्या ठिपक्यांचा.

कारण मंडळी, तो फोटो नसतोच. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिकडे ऑक्सिजनवालं रक्त जास्त जातं आणि तिथला चुंबकीय सिग्नल किंचित बदलतो. १९९० मध्ये सेइजी ओगावा यांनी हा परिणाम दाखवला, आणि त्यावरच एफएमआरआय चालतं. पुढचं सगळं सॉफ्टवेअर. ते मेंदूचे लाखभर बारीक ठोकळे पाडतं, प्रत्येकावर स्टॅटिस्टिक्सची टेस्ट चालवतं, आणि जो ठोकळा पास होतो त्याला रंग देतं. म्हणजे लाल ठिपका हा कोणीतरी लिहिलेल्या कोडचा आउटपुट. आणि कोडची लायकी आपल्यापेक्षा जास्त कोणाला माहीत आहे?

२००९ मध्ये क्रेग बेनेट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक मेलेला सॅमन मासा स्कॅनरमध्ये ठेवला. त्याला माणसांचे फोटो दाखवले आणि विचारलं, यांच्या मनात काय चाललंय? माशाच्या मेंदूत चक्क ठिपके उमटले! लाखभर टेस्ट्स चालवल्या की काही नुसत्या नशिबाने पास होणारच. त्यासाठी करायची ती दुरुस्ती केल्यावर ठिपके गायब. २०१२ मध्ये या प्रयोगाला इग नोबेल मिळालं.

२०१६ मध्ये एक्लुंड, निकोल्स आणि नुटसन यांनी ४९९ निरोगी लोकांचे, नुसतं पडून असताना काढलेले स्कॅन घेतले. त्यात खोटे निष्कर्ष ५ टक्क्यांच्या आसपास निघायला हवे होते. नेहमीच्या सॉफ्टवेअरच्या काही सेटिंग्जमध्ये ते ७० टक्क्यांपर्यंत गेले. त्यातल्या एका पॅकेजमध्ये तर पंधरा वर्षं जुना बग सापडला. आपल्याकडे प्रॉडक्शनमध्ये पंधरा दिवस बग राहिला तरी मॅनेजर रक्त पितो राव!

आता कोणी म्हणेल, मग हे सगळं थोतांडच. अजिबात नाही. माझं या मंडळींशीही तेवढंच भांडण आहे. मासा स्कॅनरमध्ये ठेवणारे कोण होते? संशोधकच. चुंबकासाठी भौतिकवाला, टास्कसाठी मानसशास्त्रज्ञ, आजारासाठी डॉक्टर, आकड्यांसाठी स्टॅटिस्टिशियन, कोडसाठी आपल्यासारखा कोणी... हे लोक एका टेबलावर बसून एकमेकांच्या चुका काढतात म्हणून हे शास्त्र पुढे जातं. २०२२ मध्ये 'नेचर'मध्ये मारेक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की माणसामाणसांच्या मेंदूतले फरक त्यांच्या बुद्धीशी किंवा वागण्याशी जोडायचे तर हजारो लोक लागतात. पंचवीस जणांवर भागत नाही. म्हणून अमेरिकेत एबीसीडी प्रकल्प ११ हजारांवर मुलांचे मेंदू नऊ-दहा वर्षांच्या वयापासून बघतोय. ब्रिटनच्या यूके बायोबँकने २०२५ मध्ये एक लाख लोकांचे स्कॅन पूर्ण केले. आपल्याकडे बंगळुरूचं सेंटर फॉर ब्रेन रिसर्च कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपुराच्या गावकऱ्यांना वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा तपासतंय. म्हातारपणी मेंदूचं काय होतं हे कळायला इतका धीर लागतो. पॅम्फ्लेटवाल्याला ते एका चित्रात कळलं!

तेव्हा आईवडिलांसाठी किंवा पोरांसाठी 'ब्रेन'वाला कोर्स घेण्याआधी तीन प्रश्न विचारा. किती लोकांवर तपासलं? किती वर्षं? दुसऱ्या कोणी करून बघितलं का? समोरचा चित्राकडे बोट दाखवायला लागला, तर चप्पल घाला आणि निघा.

आईला मी कोर्सला नाही, डॉक्टरांकडे घेऊन गेलो. बीपी, शुगर आणि कान तपासून घेतले. २०२४ च्या लॅन्सेट कमिशनने डिमेन्शियाचे जे १४ टाळता येण्यासारखे धोके सांगितलेत, त्यात हे तिन्ही आहेत. कानाचं मशीन घ्यायला ती अजून तयार नाही. त्यावर भांडण चालू आहे.

असो. तूर्तास एवढंच.