अंगणवाडीताईंची बेगार

माघ-फाल्गुनात हळदीची काढणी सुरू झाली की हिंगोली जिल्ह्यातील वसमत, औंढा, कळमनुरी या तालुक्यांतील बायामाणसे दिवसभर शेतात असतात, आणि गरोदर वा स्तनदा मातेला घरी गाठावयाचे तर अंगणवाडी सेविकेला दिवेलागणीनंतरच तिच्या दारी जावे लागते. केंद्र उघडल्याची, बालकांच्या उपस्थितीची आणि त्यांच्या छायाचित्राची नोंद ‘पोषण ट्रॅकर’ या सरकारी ॲपने सकाळीच करून घेतलेली असते, संध्याकाळच्या या पायपिटीची नोंद मात्र कोणत्याही दप्तरात होत नाही. “ताई, ओटीपी मालकाच्या फोनवर येतो, अन् ते तर गेलेत ऊसतोडीला,” असे उत्तर उंबऱ्यातून आले, की सेविकेने त्या मालकाला फोन लावावा, आकडे विचारून घ्यावेत, मग त्या माउलीला दिव्याखाली उभे करून तिचा चेहरा टिपावा, आणि तेवढ्यात रेंज गेली तर पारापर्यंत चालत जाऊन पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा. घरपोच आहारासाठी चेहरा पडताळणी 2025 च्या जुलैपासून सक्तीची झाली, तेव्हापासून हा खटाटोप नित्याचा झाला आहे.

पोषण आहाराचा दाणा ज्याच्या नावे निघाला त्याच्याच मुखी पडावा आणि त्यासाठी सरकारने चोख हिशेब ठेवावा, याविषयी आमचा यत्किंचितही वाद नाही. परंतु जे सरकार सेविकेच्या आगमनाचा क्षण टिपते, त्यानेच तिच्या परतीच्या वेळेकडे डोळेझाक करावी, हा न्याय आम्हांस मुळीच मान्य नाही. 1948 च्या कारखाना अधिनियमाने प्रौढ कामगाराला दिवसाला नऊ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घालून दिली आणि त्यावरील कामास दुप्पट मजुरी ठरविली. गावोगावच्या या स्त्रियांना मात्र मानधनी म्हणून त्या संरक्षणाच्या बाहेर ठेवण्यात आले आहे. वास्तविक सर्वोच्च न्यायालयाने 25 एप्रिल 2022 रोजी, न्यायमूर्ती रस्तोगी व न्यायमूर्ती ओक यांच्या पीठाच्या निकालात, सेविका व मदतनीस यांना उपदानाचा हक्क मान्य केला आणि त्यांचे काम अर्धवेळ आहे हा सरकारी युक्तिवादही फेटाळला. एवढा निःसंदिग्ध निकाल हाती असताना उपदानादी मागण्यांसाठी महाराष्ट्रातील सेविकांना 4 डिसेंबर 2023 पासून पन्नासाहून अधिक दिवस संप करावा लागला, हे राज्यकर्त्यांना भूषणावह नाही.

जादा कामाचे मोल ठरविता येत नाही, ही सबब तर टिकणारीच नाही. ‘लाडकी बहीण’ योजनेचे अर्ज 2024 च्या पावसाळ्यात भरून घ्यावयाचे होते, तेव्हा पात्र अर्जामागे सेविकांना पन्नास रुपयांचा भत्ता याच शासनाने जाहीर केला होता. तेथे अर्ज मोजता आले, तर येथे रात्रीच्या गृहभेटी का मोजता येऊ नयेत? राज्यघटनेच्या तेविसाव्या कलमाने बेगार निषिद्ध ठरविली आहे, आणि किमान वेतनाहून कमी मोबदल्यात घेतलेले काम हीदेखील सक्तीची मजुरीच होय, असे सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणी बजावले आहे. निजामी अमलातील वेठीच्या आठवणी ज्या मराठवाड्यात अजून घरोघर सांगितल्या जातात, तेथील अधिकाऱ्यांना या कलमाचा अर्थ फोडून सांगण्याची गरज पडू नये.

नियम बदलण्यास मुंबई-दिल्लीचा हुकूम लागेल हे खरे. परंतु काही गोष्टी जिल्हा परिषदेच्या हाती आजही आहेत. केंद्र बंद झाल्यावर केलेल्या प्रत्येक गृहभेटीची वेळ व कारण पर्यवेक्षिकेच्या स्वाक्षरीने नोंदले जावे, रेंजअभावी अपुरी राहिलेली पडताळणी सेविकेच्या कसुरीत धरली जाऊ नये, आणि वर्षअखेर हे सारे तास भत्त्याच्या मागणीसह शासनाकडे रवाना व्हावेत. येत्या हळदीच्या हंगामापूर्वी एवढे तरी महिला व बालकल्याण विभागाने करावे, अशी आमची स्पष्ट मागणी आहे.