पोरांच्या नावापुढे आकडा लिहा

प्रति,
मा. अध्यक्ष आणि कार्यकारिणी सदस्य,
महाराष्ट्र राज्य कबड्डी असोसिएशन



मी काष्टीचा, तालुका श्रीगोंदा. गेली वीस वर्षं आमच्या भागातल्या कबड्डी स्पर्धांमध्ये टेबलावर बसून गुण लिहितो. मैदानात कधी फार चमकलो नाही, पण गुणपत्रक चोख ठेवलं. त्या गुणपत्रकाबद्दलच हे पत्र आहे.

दिवाळीत पुण्याला भाच्याकडे गेलो होतो. तो प्लेस्टेशनवर ‘कॉलेज फुटबॉल 25’ खेळत बसला होता. हा अमेरिकेतला, चेंडू हातात घेऊन पळायचा फुटबॉल. खेळात भाचा एका कॉलेजच्या संघाचा प्रशिक्षक. हंगाम संपला की पडद्यावर यादी येते : एनएफएल या व्यावसायिक लीगच्या निवडीसाठी कोण कोण संघ सोडून चाललं. शेवटच्या वर्षाची मुलं जातातच, पण तिसऱ्या वर्षातली जी वरचढ असतात तीही निघतात. वरचढ कोण, हे ठरतं आकड्यावर. वेग, ताकद, चेंडू झेलणं, समोरच्याला पाडणं, या सगळ्याचं मिळून प्रत्येकाला 99 पैकी एक गुणांकन. मी विचारलं, “हा आकडा आणतात कुठून?” तो म्हणाला, “मामा, खऱ्या सामन्यांची नोंद असते ना, ती बघून देतात.”

त्या रात्री मला झोप लागली नाही. तिकडे कॉलेजच्या पोराची एकेक धाव लिहिलेली असते. इकडे आमच्या पोराच्या शंभर चढाया वाऱ्यावर जातात.

त्या खेळाचा इतिहासही ऐकण्यासारखा आहे. पूर्वीच्या अशा कॉलेजच्या व्हिडिओ खेळांत खेळाडूंची नावं नसायची. जर्सीचा क्रमांक, अंगकाठी, कसब सगळं खऱ्या मुलाचं, पण नाव नाही आणि मोबदलाही नाही. एड ओबॅनन या माजी बास्केटबॉलपटूने अशाच एका खेळात स्वतःला ओळखलं आणि 2009 मध्ये कोर्टात दावा लावला. 2013 नंतर फुटबॉलचा तो खेळ बंद पडला. 2024 मध्ये परत आला तेव्हा संमती देणाऱ्या प्रत्येक खेळाडूला नावासह घेतलं आणि किमान 600 डॉलर दिले. त्या मुलांकडे आकडा होता, त्यांनी नाव मिळवलं. आमच्या मुलांकडे नाव आहे, आकडा नाही.

आणि आकड्याशिवाय आता भागत नाही. प्रो कबड्डी 2014 मध्ये सुरू झाली तेव्हा लिलावातली सर्वांत मोठी बोली राकेश कुमारवर 12 लाख 80 हजारांची होती. 2023 मध्ये पवन सेहरावतवर 2 कोटी 60 लाख 50 हजारांची लागली. एवढा पैसा लावणारा संघ चढाई गुण, पकड गुण, सुपर टेन, हाय फाईव्ह असं सगळं मोजून मगच बोली लावणार, त्यात गैर काही नाही. पण मोजणी सुरू होते ती मोठ्या मॅटवर. तिथवर पोहोचण्याआधीचा मुलगा कुणाच्याच वहीत नसतो.

मागे एका गावच्या स्पर्धेत रात्री अंतिम सामना चालला होता. डावा कोपरा सांभाळणारा अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा. समोरचा चढाईपटू बोनस रेषेवर पाय टाकायला गेला आणि याने खाली बसून घोटा धरला. तो ओढत ओढत मध्यरेषेकडे निघाला, पण याने सोडलं नाही. मागून मध्यरक्षक येऊन अंगावर पडेपर्यंत याची कोपरं सोलून निघाली. मी कागदावर संघाच्या धावत्या गुणांतला एक आकडा खोडला. त्या मुलाचं नाव लिहायला रकानाच नव्हता. त्या सामन्यात त्याने अशा सात पकडी केल्या. सकाळी मंडप सोडवताना तो कागद टेबलाखाली सापडला, चहाच्या पेल्याचा गोल डाग पडलेला.

आमच्या गावचा शनिवारचा जनावरांचा बाजार आपण ऐकून असाल. तिथे घेणारा माणूस बैलाचं तोंड उघडून दात बघतो. आदत आहे, दोन दाती आहे, की जुळला, ते ठरवतो. चालवून बघतो, खूर उचलून बघतो, मग रुमालाखाली बोटं धरून भाव बोलतो. माणसाची बरोबरी जनावराशी करायची नाही मला. सांगायचं एवढंच, की आमच्या बाजारात न बघता, न तपासता कुणी कुणाला नाकारत नाही. आमची पोरं मात्र कुणी न बघताच नाकारली जातात.

बघितलं तर काय होतं, याचं उदाहरण आमच्याच जिल्ह्यात आहे. अस्लम इनामदार गरिबीतून वर आला, नवोदित म्हणून प्रो कबड्डीतल्या पुणेरी पलटणमध्ये दाखल झाला. 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात होता. 1 मार्च 2024 ला त्याच्याच नेतृत्वाखाली पलटणने हरियाणा स्टीलर्सला 28-25 असं हरवून पहिलं विजेतेपद घेतलं, आणि त्या हंगामाचा सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला. असे अजून किती अस्लम एखाद्या मंडपाच्या टेबलाखाली पडलेत, ते मला रात्री आठवत राहतं.

माझ्या तीन मागण्या आहेत. पहिली, मान्यताप्राप्त प्रत्येक स्पर्धेच्या गुणपत्रकाला खेळाडूवार एक पान जोडा : किती चढाया, त्यांतल्या किती यशस्वी, किती पकडी, आणि पकडीला साथ कुणाची. साथीचा रकाना विसरू नका. साखळीतला दुसरा हात गुणफलकावर कधीच दिसत नाही, पण त्याच्याशिवाय पकड होत नाही. दुसरी, त्या पानाचा फोटो त्याच रात्री जिल्हा संघटनेकडे जावा आणि तिथे जपला जावा. तिसरी, जिल्हा निवड चाचणीत निवड समितीसमोर मागच्या दोन हंगामांची ही नोंद असावी. चाचणीच्या दिवशी पाय मुरगळला म्हणून पोराचं वर्ष फुकट जाऊ नये.

नुसत्या आकड्यावर निवड करा, असं माझं म्हणणं नाही. चौघांत अडकलेला चढाईपटू डोकं शांत ठेवून कसा परत येतो, ते बघायला जाणता डोळाच लागतो. आकड्याने दार उघडावं, निवड डोळ्यांनी करावी.

येत्या 15 जुलैला, कबड्डीमहर्षी बुवा साळवींच्या जयंतीला, आपण कबड्डी दिन साजरा कराल. त्या दिवशी हे कोरं पान प्रत्येक जिल्ह्याला पाठवा. ते भरून परत पाठवायची जबाबदारी आम्हा गुणलेखकांची.

आपला,
काष्टीचा एक गुणलेखक